बसलेल्या इंजिनाची निगा

डिझेल इंजिनावरची मराठी पुस्तकं बहुतेक आयटीआयच्या विद्यार्थ्यासाठी लिहिलेली असतात. चार स्ट्रोकचं चक्र, व्हॉल्व्हच्या वेळा, इंजेक्शन पंपाची आकृती असं परीक्षेला विचारलं जाणारं सगळं त्यांत नीट मांडलेलं असतं. हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतच्या हळदवाल्याला किंवा सेनगावच्या माळावर हरभरा घेणाऱ्या शेतकऱ्याला पडणारा प्रश्न मात्र त्यांत सापडत नाही. गेल्या मार्चात चांगलं चालतं ठेवून झाकलेलं इंजिन नोव्हेंबरात हँडल मारून मारून खांदा उतरायची वेळ आली तरी का पेटत नाही? कुणी हात लावला नाही, कुणी काही मोडलं नाही, मग बिघडलं काय? हे पुस्तक या प्रश्नापासून सुरू होतं. त्यासाठीच मी त्याची प्रस्तावना लिहायला आनंदाने तयार झालो.

हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला १ मे १९९९ रोजी. पण इथल्या विहिरींवर इंजिन आलं त्याच्या कितीतरी आधी, मोट सुटत होती आणि वीज अजून पोचली नव्हती त्या काळात. तेव्हा इंजिन हे घरातलं सर्वांत महागडं यंत्र होतं. रब्बीत ते रात्रंदिवस चालायचं आणि त्याच्या आवाजावरून कुणाच्या शेतात पाणी सुरू आहे ते गावाला कळायचं. पुढे विजेची मोटार आली. २०१९ पासून केंद्राची कुसुम योजना आणि २०२४ मध्ये राज्याची ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना आली. इंजिन विहिरीवरून उठलं, पण ते गोठ्याच्या कोपऱ्यात जाऊन बसलं, भंगारात गेलं नाही. कारण वीज रात्री येते, रोहित्र जळतं, ढगाळ आठवड्यात सौर पॅनेल हात टेकतं, आणि हळदीचं नऊ महिन्यांचं पीक शेवटच्या दोन पाण्यांवाचून ठेवणं कुणालाच परवडत नाही. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या हळदीमागे असं एखादं राखीव इंजिन बऱ्याच घरांत उभं असतं. वर्षातले काही आठवडे काम आणि बाकीचे महिने मुक्काम, असं आता त्याचं आयुष्य झालं आहे.

काम घटलं तर झीज घटायला हवी होती, पण मिस्त्रीकडची गर्दी कमी झालेली नाही. या पुस्तकाचं म्हणणं, आणि मला ते पूर्ण पटलेलं आहे, असं की आपल्याकडचं इंजिन चालण्याने जेवढं झिजतं त्यापेक्षा बसण्याने जास्त खराब होतं. आपल्या निगेच्या सगळ्या सवयी मात्र चालत्या इंजिनाच्या काळातल्याच राहिल्या आहेत.

हे फक्त आपल्याकडचं दुखणं नाही. बर्फावर पळणारी स्नो-स्कूटर घ्या. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात, व्हॅलकोर्ट या छोट्या गावात, जोसेफ-आर्मांद बोंबार्दिए यांनी १९५९ मध्ये ‘स्की-डू’ बाजारात आणली आणि हे यंत्र घराघरात गेलं. आपल्या लष्कराच्या सियाचीनमधल्या ठाण्यांवर अशा स्कूटर वापरतात, आणि गुलमर्गला गेलेल्या मराठी पर्यटकांनी त्यांवर बसून फोटोही काढलेले असतात. यंत्र म्हणून ती आपल्या पंपाच्या इंजिनाच्या अगदी उलट टोकाला आहे. मिनिटाला आठ हजार फेरे आणि सुमारे ८० मिलिमीटरचा स्ट्रोक धरला तर तिचा पिस्टन सेकंदाला सरासरी २१ मीटर धावतो. आपल्या पाच हॉर्सपॉवरच्या १५०० फेऱ्यांच्या इंजिनात तो साडेपाच मीटर धावतो, आणि ‘लिस्टर’ जातीच्या जुन्या ६५० फेऱ्यांच्या इंजिनात अवघा तीन मीटर. एवढा फरक असूनही ज्या देशांत ही स्कूटर घरोघरी आहे तिथले जाणते लोक हंगाम संपताना काय करतात? सिलिंडरमध्ये तेलाचा फवारा मारतात, इंधनाची तजवीज करतात, उंदीर शिरतील अशी भोकं बुजवतात, आणि मग उन्हाळाभर तिला झाकून ठेवतात. आपण पावसाळाभर इंजिन झाकतो, पण झाकण्याआधीची कामं टाळतो.

आता थोडा इतिहास, कारण सुट्या भागांच्या प्रकरणात तो लागणार आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं, १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली आणि लोखंडी नांगर केले, हे आपल्याला शाळेपासून ठाऊक असतं. साताऱ्याच्या कूपर कारखान्याचं नाव मात्र आपण विसरतो. १९३० च्या दशकात डिझेल इंजिन बनवणाऱ्या पहिल्या भारतीय कारखान्यांत तो होता. त्याचे मालक धनजीशा कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधानही होते. इंजिन ओतणारा माणूस सरकार चालवतो, असा योग आपल्याकडे पुन्हा आला नसावा. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी पुण्याजवळ खडकीला १९४६ मध्ये निघाली. हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यात होतं.

पुढच्या काळात गावागावांत पोचलेल्या इंजिनांच्या दोन जाती मिस्त्रींच्या तोंडी रुळल्या: ‘लिस्टर’ आणि ‘पीटर’. दोन्ही नावं इंग्लंडच्या कारखान्यांची. लिस्टर म्हणजे मोठ्या फ्लायव्हीलचं, सावकाश धडधडणारं. पीटर म्हणजे आटोपशीर, १५०० फेऱ्यांचं, ८० मिलिमीटर बोअर आणि ११० मिलिमीटर स्ट्रोकचं. या दोन्हींच्या नकला राजकोटच्या कारखान्यांनी लाखोंनी ओतल्या आणि स्वस्तात विकल्या. राजकोटचं लिस्टर पार अमेरिकेपर्यंत गेलं. तिथे विजेच्या जाळ्यापासून दूर राहणारे हौशी लोक ते मागवून घेत आणि सुरू करण्याआधी सगळं खोलून धूत, कारण क्रँककेसच्या कोपऱ्यात ओतकामाची वाळू राहिलेली असे. आपल्याकडे नवं इंजिन आलं की हार घालून नारळ फोडतात. क्रँककेसचं झाकण उघडून आत बोट फिरवायचं कुणाच्या मनात येत नाही. पहिल्या पन्नास तासांनंतर तेल बदला, हा सल्ला या पुस्तकात तीन ठिकाणी आला आहे. मला ती पुनरुक्ती वाटली नाही.

बसलेल्या इंजिनात नेमकं काय होतं ते सविस्तर सांगायला हवं. सगळ्यात आधी तेल. आपली रीत अशी की नवा हंगाम सुरू होताना तेल बदलायचं, ‘उगाच नवं तेल आठ महिने कशाला पडू द्यायचं’ म्हणून. हा हिशेब उलटा आहे. हंगामभर वापरलेल्या तेलात काजळी, इंधनाचे अंश, ज्वलनातून आलेलं पाणी आणि आम्ल साचलेलं असतं. इंजिन चालू असतं तेव्हा तेल तापतं आणि त्यातलं पाणी उडून जातं. बंद पडलं की हे सगळं बेअरिंगच्या मऊ धातूला लागून महिनोन्‌महिने तसंच राहतं आणि त्याला खातं. म्हणून तेल हंगामाच्या शेवटी बदलायचं, इंजिन गरम असताना काढायचं, नवं घालून दहा मिनिटं चालवायचं आणि मग बंद करायचं. खर्च तेवढाच येतो, फक्त महिना बदलतो.

दुसरं, सिलिंडर. पावसाळ्यातली दमट हवा उघड्या व्हॉल्व्हमधून आत शिरते आणि लायनरवर गंजाची नक्षी उमटते. रिंगा आपल्या खाचांत चिकटून बसतात. पंधरा दिवसांतून एकदा कॉम्प्रेशन सोडणारा डिकम्पचा दांडा वर करून हँडलने दहा-बारा फेरे मारायचे आणि शेवटी इंजिन कॉम्प्रेशनवर आणून सोडायचं. त्या जागी दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात, त्यामुळे बाहेरची हवा आत जात नाही. इतकी साधी गोष्ट, पण ती करणारे लोक मी फारच थोडे पाहिले.

तिसरं, इंधन. अर्ध्या भरलेल्या टाकीत दिवसाच्या उकाड्याने आणि रात्रीच्या गारव्याने पाण्याचे थेंब धरतात आणि तळाशी जमतात. पुढे ते फिल्टरमधून इंजेक्शन पंपाकडे जातात. तिथल्या प्लंजर-बॅरलमधली फट काही मायक्रॉनची असते. मिस्त्री ज्याला ‘मायको’ म्हणतात तो पंप एकदा गंजला की घासून नीट होत नाही, बदलावाच लागतो. नोजलमधून डिझेल सुटतं तेच सुमारे दोनशे किलोच्या दाबाला, त्यामुळे पंपातला बारीकसा ओरखडाही नोजलच्या फवाऱ्यात दिसतो. पुस्तकी सल्ला असा की टाकी काठोकाठ भरून ठेवा. पण शेतावर भरलेली टाकी ठेवली तर सकाळपर्यंत तिच्यात डिझेल राहील याची खात्री कोण देणार? म्हणून लेखकाने दुसरी वाट दिली आहे. डिझेल सगळं काढून घरी न्यायचं, टाकीत वाटीभर तेल घालून ते सगळीकडे फिरवायचं आणि झाकण लावायचं. शेतावरची परिस्थिती जाणणारा माणूसच असं लिहू शकतो.

चौथी गोष्ट ऐकून शहरातले इंजिनिअर हसतात: कुंभारीण. चिखलाची घरटी करणारी ही माशी सायलेन्सरचं तोंड, टाकीच्या झाकणावरचं हवेचं भोक, सुटलेली नळी, काहीही बुजवते. झाकणावरचं भोक बुजलं की इंजिन ऐटीत सुरू होतं, दहा-पंधरा मिनिटं चालतं आणि मरतं. हवा आत येत नाही म्हणून टाकीतलं डिझेल खाली उतरत नाही. पुन्हा एअर काढली की पुन्हा थोडा वेळ चालतं. मिस्त्री नोजल काढतो, पंप काढतो, कधी तर हेडही खोलतो. झाकण सैल करून बघा, एवढं एक वाक्य कुणी सांगितलं असतं तर हजार-दोन हजार वाचले असते.

चालत्या इंजिनाविषयीही पुस्तकात भरपूर आहे. त्यातलं पाण्याचं प्रकरण मला सर्वांत मोलाचं वाटलं. आपल्याकडे पंपाच्याच पाण्यातून एक नळी काढून इंजिनाच्या जॅकेटमध्ये सोडतात आणि ते पाणी दुसऱ्या बाजूने बाहेर पडून पाटाला लागतं. पाणी फुकट आणि इंजिन थंड, यापेक्षा आणखी काय हवं? पण इंजिन थंड असणं ही चांगली गोष्ट आहे हा समजच चुकीचा आहे. विहिरीचं गार पाणी जोरात सोडलं की लायनरच्या भिंती इतक्या थंड राहतात की ज्वलनातली वाफ त्यांवर दवासारखी धरते. डिझेलमधल्या गंधकाशी मिळून तिचं आम्ल होतं आणि ते लायनर खातं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत आपल्याकडच्या डिझेलमध्ये वजनाने एक टक्क्यापर्यंत गंधक चालत असे. १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या बीएस-६ डिझेलमध्ये ते दहा लाखांत दहा भाग, म्हणजे हजारपट कमी आहे. त्यामुळे आम्लाचं भय बरंच ओसरलं, पण गार इंजिनाचा तोटा संपला नाही. थंड भिंतीशी डिझेल पुरतं जळत नाही, काजळी धरते, न जळलेलं इंधन रिंगांजवळून उतरून तेल पातळ करतं, आणि तेच काम करायला डिझेल जास्त लागतं.

मग नळी आवळून पाणी चांगलं गरम होऊ द्यावं? इथे आपल्या बोअरचं पाणी आडवं येतं. काळ्या खडकातून आलेल्या जड पाण्याचा क्षार उष्णतेने जॅकेटच्या आतून चिकटतो. त्याचा थर चढला की बाहेरचं पाणी कोमट लागतं आणि आतलं हेड मात्र भाजून तडकतं. म्हणजे गार ठेवलं तर लायनर जातो आणि गरम ठेवलं तर हेड. यावरचा तोडगा जुनाच आहे. दोनशे लिटरचं पिंप इंजिनाशेजारी जरा उंचावर ठेवायचं आणि वरखाली दोन नळ्या जोडायच्या. तापलेलं पाणी आपोआप वर चढतं, निवलेलं खाली येतं, आणि तेच ते पाणी फिरत राहतं. क्षार एकदाच काय बसायचा तो बसतो आणि इंजिनही योग्य तापमानाला राहतं. पिंपाला जागा लागते, ते उचलून न्यावं लागतं, म्हणून लोक ते टाळतात. त्यांना नाइलाजाने नळीच वापरायची असेल तर बाहेर पडणाऱ्या पाण्याखाली हात धरून बघावा. हात सुखाने राहिला तर पाणी जास्त सुटतंय असं समजावं.

धुळीबद्दल थोडक्यात. काळ्या रानातली उन्हाळी धूळ, मळणीचं भूस आणि हळद पॉलिश करणाऱ्या ढोलातून उडणारी पिवळी पूड यांना अडवायला इंजिनाकडे तेलाचा एक एअर क्लीनर असतो, आणि बहुतेक वेळा तो कोरडा असतो. त्यातलं तेल गाळासारखं झालं की बदलायचं. मळणीच्या दिवसांत ही वेळ फार लवकर येते. इंजिन वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभं करावं, भुशाच्या झोतात नको.

निगेच्या सगळ्या तक्त्यांत कामं तासांवर मांडलेली असतात: इतक्या तासांनी तेल, इतक्या तासांनी फिल्टर. शेतावरच्या इंजिनाला तासांचं मीटर नसतं आणि वहीत तास लिहून ठेवणारा शेतकरी मला अजून भेटायचा आहे. लेखकाने यावर काढलेली युक्ती मला फार आवडली. पाच हॉर्सपॉवरचं निरोगी इंजिन पूर्ण भारावर तासाला सुमारे एक लिटर, फार तर थोडं अधिक डिझेल खातं. म्हणजे लिटर हाच तास. दोनशे लिटरचं बॅरल संपलं की दोनशेच्या आसपास तास झाले, तेल बदला. डिझेलचा हिशेब तर प्रत्येक घरात असतोच, कारण त्याला पैसे मोजावे लागतात.

विहिरीत उतरवलेल्या इंजिनाचं प्रकरण वाचताना मी थांबलो. पंप पाणी ओढू शकतो ते साधारण सहा-सात मीटर खोलीवरून. पाणी त्याखाली गेलं की विहिरीच्या आत कट्टा करून इंजिन तिथेच बसवायची पद्धत होती, अजूनही काही ठिकाणी आहे. धूर बाहेर जाऊ शकत नाही, आतला प्राणवायू संपत जातो, इंजिन बंद करायला उतरलेला माणूस कोसळतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. आपल्या वर्तमानपत्रांत अशा बातम्या येत राहिल्या आहेत. लेखकाने या प्रकरणात दुरुस्तीचा एकही शब्द लिहिलेला नाही. इंजिन आत ठेवू नका एवढंच त्याचं सांगणं आहे. ठेवलेलंच असेल तर बंद करण्यासाठी डिझेलची नळी वरून तोडता येईल अशी सोय करा, आणि धूर निवळल्याशिवाय खाली उतरू नका.

कयाधूला पूर आला किंवा विहीर एका रात्रीत भरली तर इंजिन बुडतं. बाहेर काढल्यावर पहिली ऊर्मी हँडल मारण्याची होते. ती आवरली पाहिजे. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी नोजल काढा, सावकाश फेरे मारून पाणी बाहेर टाका, चेंबरमधलं तेल सगळं ओतून द्या, आणि मगच पुढचं. बुडालेलं नसतानाही तेल दुधाच्या चहासारखं दिसलं तर लायनरखालची रबरी रिंग गेली असं समजा. ती रिंग स्वस्त आहे. दुर्लक्ष केलं तर क्रँक जातो, आणि क्रँक स्वस्त नाही.

‘कंपनी’चा भाग आणि ‘लोकल’ भाग हा वाद गावोगाव चालतो आणि त्यात मी फारसा पडणार नाही. नोजल, पंपाचे भाग आणि बेअरिंग यांत काटकसर करू नये, बाकी झाकण-कव्हरांत हरकत नाही, हे लेखकाचं मत मला व्यवहारी वाटतं. गव्हर्नरची स्प्रिंग ताणून फेरे वाढवण्याच्या खटपटीबद्दल मात्र त्याने आणखी कडक लिहायला हवं होतं. पंपाचा वेग दहा टक्के वाढवला तर त्याला लागणारी ताकद तेहतीस टक्क्यांनी वाढते. तो सगळा बोजा त्याच पिस्टनवर आणि त्याच बेअरिंगवर पडतो, आणि पाणी वाढतं ते फार तर दहा टक्के.

एका बाबतीत माझं लेखकाशी पटत नाही. जुनं इंजिन चालतं ठेवण्याचं त्याला इतकं कौतुक आहे की ते कधी सोडून द्यावं हा प्रश्न त्याने शेवटच्या दोन पानांत उरकला आहे. आजोबांनी घेतलेलं लिस्टर अजून धडधडतं याचा अभिमान घरातल्यांना असतो, आणि तो असावाही. पण ते तासाला एकाऐवजी दीड लिटर पीत असेल, तर लिटरला नव्वद रुपये धरून तीनशे तासांच्या हंगामात साडेतेरा हजार रुपये जास्तीचे जातात. दोन-तीन हंगामांत एका चांगल्या ओव्हरहॉलचा खर्च त्यातून सहज सुटावा. म्हणून इंजिन राखायचं की द्यायचं हे ठरवण्याआधी एक मोजणी करायला हवी. टाकी खुणेपर्यंत भरा, तासभर भारावर चालवा, आणि पुन्हा खुणेपर्यंत यायला किती डिझेल लागलं ते मापाने ओतून बघा. त्याच वेळी पंपाचं पाणीही मोजा, दोनशे लिटरचं पिंप किती सेकंदांत भरतं ते घड्याळ लावून. डिझेल जास्त आणि पाणी नेहमीएवढं असेल तर दोष इंजिनात आहे. डिझेल नेहमीएवढं आणि पाणी कमी असेल तर इंजिनाला पाना लावू नका, आधी फुटवॉल वर काढून त्याची जाळी बघा.